कोणते कलम?

हिंदी मुलखात नोकरीला गेलेल्या मराठी माणसाची पहिली फजिती शब्द करतात. तिकडे ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, हे शाळेच्या पाटीवरून लवकर उमगते. पण कचेरीतले शब्द कोणी पाटीवर लिहून ठेवीत नाही. चंबळच्या काठच्या एका जिल्ह्यात मी डेप्युटी कलेक्टर म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात माझ्या रीडरने एका फौजदारी प्रकरणाचे कागद पुढे सरकवीत म्हटले, ‘साहब, इसमें तो राजीनामा हो गया है.’ मी साळसूदपणे विचारले, ‘किसका? थानेदार का?’ रीडर सभ्य होता. तो हसला नाही. दोन्ही पक्षांची तडजोड झाली म्हणजे त्या मुलखात ‘राजीनामा’ होतो, हे त्याने मला समजावून सांगितले. पुढे कित्येक दिवस ही फजिती मी मित्रमंडळींत रंगवून सांगत असे. परंतु तोच शब्द दोन वर्षांनी माझ्या कानांवर पडला तेव्हा मला हसू आले नाही. त्या दुसऱ्या वेळेची ही हकीकत आहे.

माझ्याकडे इतर कामांबरोबर शस्त्र शाखाही होती. आपल्यापैकी ज्यांनी ग्वाल्हेरच्या उत्तरेला नोकरी केली असेल, त्यांना ह्या शाखेचे माहात्म्य सांगायला नको. जमिनीच्या फेरफारासाठी माणूस तहसिलीत येतो, रेशनकार्डासाठी पुरवठा शाखेत जातो. शस्त्र शाखेत मात्र तो देवळात यावा तसा येतो. धुतलेला कुडता, सोबत गावचा सरपंच, खिशात एखाद्या आमदाराचे पत्र. अर्जातील कारणाच्या रकान्यात सर्वांचे उत्तर एकच: ‘आत्मरक्षा’. कोणापासून रक्षण, असे विचारले तर अर्जदार आश्चर्याने पाहत राही. एक म्हातारा मला म्हणाला, ‘हुजूर, बंदूक नहीं होगी तो लड़के का ब्याह कौन करेगा?’ त्याच्या दृष्टीने ते आत्मरक्षणच होते. शिवाय पोटाचाही प्रश्न असे. बारा बोअरची परवान्याची बंदूक खांद्यावर असली म्हणजे दूरच्या शहरात पेढीच्या किंवा बँकेच्या दारात पहारेकऱ्याची नोकरी मिळते. पुण्यास लक्ष्मी रस्त्यावर एका सराफाच्या दारात दुनाली घेऊन बसलेल्या इसमाशी मी एकदा सहज बोललो, तर तो भिंडकडचा निघाला आणि माझ्या तोंडून चंबळेचे नाव ऐकताच त्याने बसायला स्वतःचे स्टूल पुढे केले.

कायदाही अर्जदाराच्या बाजूने बराच उदार होता. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या चौदाव्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे, की अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. ह्या उदारपणाला इतिहास आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली झालेल्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे बंद केले आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. तो सल राष्ट्रीय सभेच्या मनात इतका खोल होता, की १९३१च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या हक्कांत मोजला गेला. घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडाचे प्रतिनिधी हरी विष्णू कामत यांनी डिसेंबर १९४८मध्ये तोच हक्क मूलभूत हक्कांत घालावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉक्टर आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परक्याच्या राज्यात केलेली मागणी आणि स्वतःच्या राज्याची घटना ह्यांत त्यांनी फरक केला. आज घटनेत आहे तो हक्क जमण्याचा आहे, आणि तोही शांततेने व विनाशस्त्र. माझ्या कचेरीत येणाऱ्यांपैकी कोणी घटना वाचलेली नव्हती. तथापि आपण हक्काची वस्तू मागत आहोत आणि हा दक्षिणेकडचा साहेब ती उगाच अडवून धरीत आहे, असा त्यांचा पक्का समज होता. आम्ही त्यांच्या लेखी सरसकट दक्षिणेकडचे.

ह्या अर्जांच्या ढिगात एका निवृत्त सुभेदाराचा अर्ज होता. सैन्यात अठ्ठावीस वर्षे काढलेला, ताठ चालणारा, वेळेवर येणारा आणि विनाकारण न बोलणारा गृहस्थ. पोलिसांचा अहवाल स्वच्छ होता. पटवारी, तहसीलदार, ठाणे, सर्वांचे शेरे अनुकूल. ज्याने उभा जन्म शस्त्र हाताळले त्याला परवाना द्यायचा नाही तर कोणाला द्यायचा, असा सरळ विचार करून मी टिपणीखाली शिफारशीचा शेरा लिहिला आणि कलेक्टरसाहेबांनी सही केली. खरे सांगायचे तर त्या वर्षी जे शेरे मी मनापासून लिहिले, त्यांत हा एक होता.

१९९४च्या उन्हाळ्यात सुभेदाराच्या पुतणीचे लग्न निघाले आणि तो आमंत्रण घेऊन स्वतः आला. मी गेलो. अशा समारंभांत अधिकाऱ्याने अर्धा तास हजेरी लावावी, हार घालून घ्यावा, दोन घास खावेत आणि निघावे, हा शिरस्ता. वरात दाराशी आली तेव्हा दोन्हीकडच्या मिळून पंधरा-वीस तरी बंदुका मी मोजल्या. द्वारचाराच्या वेळी बार सुरू झाले. त्या मुलखात ह्याला ‘हर्ष फायर’ म्हणतात. इंग्रजी क्रियापदाला संस्कृत नामाचे बाशिंग बांधल्याचे असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. कोणी तरी ओरडले, ‘साहब के सम्मान में!’ आणि माझ्या उजव्या हाताला सुभेदाराने दुनाली आकाशाकडे करून दोन्ही घोडे ओढले. दारूचा वास दरवळला. मी हात जोडले आणि हसलो.

त्या क्षणी मी दंडाधिकारी होतो. दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल असे अविचारी कृत्य करण्याबद्दल भारतीय दंडसंहितेत ३३६वे कलम होते: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीचशे रुपयांपर्यंत दंड. ते मला पाठ होते. ते त्या मांडवात लावावे, असे मात्र माझ्या मनातही आले नाही. यजमानाला गुन्हेगार समजून त्याच्या पंगतीला कोण बसेल? मी जेवलो आणि निघालो.

मी गेल्यावर तासाभरात ते घडले. वरमाला पडली, पुन्हा बार झाले. सुभेदाराने एक नळी वर झाडली आणि बंदूक खाली आणताना दुसऱ्या घोड्यावर बोट राहिले. समोरच्या घराच्या सज्जावर बायका-पोरे लग्न पाहण्यासाठी दाटीने उभी होती. काडतूस मोठ्या छऱ्र्यांचे होते. चौदा वर्षांचा एक मुलगा तिथल्या तिथे गेला आणि त्याच्या आत्याचा एक डोळा गेला. मुलगा शेजारच्या गावचा; आत्याकडे सुटीला आला होता. बॅन्ड काही वेळ तसाच वाजत राहिला, कारण गोंगाटात कोणाला काही कळलेच नाही.

सकाळी मी सरकारी इस्पितळात गेलो. तिथले डॉक्टर आमच्यापैकीच, सागरकडचे मराठी गृहस्थ होते. त्यांनी आपली नोंदवही दाखविली. तीत ‘बंदुकीच्या छऱ्र्यांची जखम’ एवढेच लिहिले होते. जखमा किती, कोठे, किती खोल. ‘मी जखमेला नाव देतो,’ ते म्हणाले, ‘कृत्याला नाव द्यायचे काम तुमचे.’ ठाण्यात रात्री आधी नुसता ‘मर्ग’ कायम झाला होता. तिकडच्या पोलिसी भाषेत अकस्मात मृत्यूच्या नोंदीला मर्ग म्हणतात. पहाटे त्याचे गुन्ह्यात रूपांतर झाले आणि कलम लागले ३०४-अ, म्हणजे हयगयीने मृत्यू घडविणे. बेफाम ट्रक चालवून माणूस चिरडणाऱ्यालाही तेच कलम. शिक्षा फार तर दोन वर्षे, किंवा नुसता दंड. तिसरी नोंद माझ्या शाखेत व्हायला हवी होती. तिथे परवान्यांची जाडजूड वही होती: क्रमांक, नाव, बापाचे नाव, शस्त्राचा प्रकार, नूतनीकरणाची तारीख. त्या शस्त्राने पुढे काय केले हे लिहिण्यास रकानाच नव्हता.

उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याशी माझा त्या दिवशी बराच वाद झाला. तो हुशार होता, अलाहाबादचा पदवीधर. मी म्हटले, भरल्या गर्दीत भरलेली बंदूक फिरविणाऱ्या सुभेदाराला परिणाम काय होऊ शकतो हे ठाऊक नव्हते काय? ठाऊक असेल तर ही हयगय नव्हे. ३०४चा दुसरा भाग लागतो, इरादा नसला तरी जाणीव होती म्हणून दहा वर्षांपर्यंत शिक्षा. तो शांतपणे म्हणाला, ‘सर, आप भी तो वहीं थे. आपको मालूम था?’ ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मला जाणीव असती तर मी उठून बंदुका खाली ठेवायला लावल्या असत्या; नसेल, तर जी माझ्यासारख्याला नव्हती ती सुभेदाराला होती, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? चहा निवून गेला. कलम ३०४-अ राहिले.

नावाचा हा वाद त्या मातीला नवा नाही. ज्याला सरकार डाकू म्हणते त्याला तिथली माणसे ‘बागी’ म्हणतात. डाकू गुन्हेगार असतो, बागी अन्यायाविरुद्ध उठलेला असतो, आणि दोघांच्या हातातली बंदूक एकच असते. १९६०च्या मे महिन्यात विनोबा ह्याच बेहडांतून पायी हिंडले. मानसिंगाचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीची शिक्षा होऊन नैनीच्या तुरुंगात होता. त्याच्या पत्रावरून ते आले. मेजर जनरल यदुनाथसिंग मध्यस्थ होते. विसेक बागींनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. त्या वेळी मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख होते के. एफ. रुस्तुमजी, आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. त्यांना हा प्रकार मुळीच मानवला नाही. दरोडेखोराला पावन करून घेतले, तर त्याच्या गोळीने मेलेल्या शिपायाचे आणि गावकऱ्याचे काय, असा त्यांचा सवाल होता. गागोद्याचा एक आणि कामठीचा एक, असे महाराष्ट्राच्या मातीतले दोघे परमुलखातल्या बंदुकीचे नाव काय ठेवावे ह्यावर एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिले. आपल्या मासिकांनी ह्या योगायोगाकडे पाहिजे तितके लक्ष दिलेले मला आढळले नाही. बारा वर्षांनी, एप्रिल १९७२मध्ये, जौऱ्याला जयप्रकाशजींपुढे फार मोठ्या संख्येने शरणागती झाली, आणि मुंगावलीला त्यांच्यासाठी खुले कारागृह निघाले.

तरुणपणी मी अर्थातच विनोबांच्या बाजूचा होतो. त्या लग्नानंतर रुस्तुमजींचे म्हणणे मला अधिक ऐकू येऊ लागले. मात्र त्या दोघांच्याही नजरेसमोर बेहडातली बंदूक होती, चोरलेली किंवा लुटलेली. मांडवातली, परवान्याची, नूतनीकरणाचा शिक्का असलेली बंदूक दोघांच्याही वादात नव्हती. ती कचेरीची, आणि कचेरीत गुन्हा घडत नसतो, असे आपण धरून चालतो. ह्या देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत विनापरवाना शस्त्रांचाच वाटा फार मोठा असतो, हे खरे आहे आणि शस्त्र शाखेतला प्रत्येक अधिकारी ते स्वतःला सांगत असतो. मीही सांगत असे. ह्या समाधानामुळेच परवाना ही बक्षिसासारखी वाटण्याची वस्तू होते. २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांच्या बंदूक-परवान्यांना प्राधान्य देण्याची योजना निघाली. देशभर लोक हसले. मला तो प्रशासकाचा विनोद वाटला नाही. अर्जदाराचे मन त्याने बरोबर ओळखले होते, एवढेच.

असो. खटला उभा राहिला तो दीड वर्षाने. साक्षीदार पंचवीस होते, पैकी एकानेही सुभेदाराला बंदूक झाडताना पाहिले नव्हते. सज्जावरच्या बायका म्हणाल्या, बार झाला, कोणाचा ते दिसले नाही. बॅन्डवाले म्हणाले, आमचे लक्ष वाजविण्याकडे. आत्यानेही, एक डोळा पदराने झाकून, आपण पाठमोऱ्या होतो असे सांगितले. ३०४-अ तडजोडीने मिटविता येत नाही, असे कायदा म्हणतो. पण साक्ष मिटविता येते. रीडरने निकालाची नक्कल माझ्या टेबलावर ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाला, ‘साहब, इसमें राजीनामा हो गया था.’ दोन बिघे जमीन आणि थोडी रोख रक्कम, असे नंतर कळले. मी सतराव्या कलमाखाली सुभेदाराचा परवाना निलंबित करविला होता. निर्दोष सुटल्यावर तो परत मागण्याचा अर्ज आला, आणि तो फेटाळण्यास कागदावर आधार उरला नव्हता. बंदूक त्याला परत मिळाली. ती घ्यायला तो स्वतः आला नाही, मुलाला पाठविले. त्या लग्नानंतर तो मला कधीच भेटला नाही. पुष्कळ वेळा वाटते की त्याने यावे आणि मी त्याला काही विचारावे. काय विचारावे, हे मात्र कधी ठरत नाही.

आता कायदा बदलला आहे. डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमात पंचविसाव्या कलमाला एक नवे पोटकलम जोडले. लग्नात, धर्मस्थानी, सार्वजनिक मेळाव्यात आनंदाप्रीत्यर्थ बार काढून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणी मरावे लागत नाही, धोका पुरे. त्याच दुरुस्तीने माणशी तीन शस्त्रांची मर्यादा दोनवर आणली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तराखंडातील एका लग्नाचा खटला आला. २००७ साली मांडवात परवान्याच्या बंदुकीचा बार झाला होता आणि दोन माणसे मेली होती. न्यायालयाने तो खून मानला नाही, पण हयगयही मानली नाही. गर्दीत भरलेली बंदूक आणून छताच्या दिशेने झाडणाऱ्याला छर्रे कोणाला तरी लागतील हे कळायला हवे होते, असे म्हणून ३०४चा दुसरा भाग लावला. उपविभागीय अधिकाऱ्याशी चहा निववून मी जे भांडलो होतो, ते सव्वीस वर्षांनी देशाच्या सर्वांत वरच्या न्यायपीठाने लिहून ठेवलेले वाचले. त्या निकालपत्रात एक वाक्य मात्र मला खटकले. आरोपीने निदान वर, मोकळ्या आकाशाकडे नेम धरण्याची काळजी घ्यायला हवी होती, असा त्याचा आशय आहे. आमचा सुभेदारही आकाशाकडेच झाडीत होता.

१ जुलै २०२४पासून दंडसंहितेच्या जागी न्याय संहिता आली. जुन्या ३०४-अचा क्रमांक १०६ झाला आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. हे सर्व चांगलेच झाले. बंदुकीचा प्रश्न हा रीतिरिवाजाचा, मानसन्मानाचा, गरिबीचा किंवा मागासलेपणाचा आहे, असे म्हणणारे विद्वान मी पुष्कळ ऐकले; ते सर्व त्यात आहेच. परंतु चौदा वर्षांच्या मुलाच्या बापाला रिवाज कोर्टात उभा करता येत नाही. माणूस उभा करता येतो. म्हणून ह्याला गुन्हा म्हटले पाहिजे, सौम्य नाव देता कामा नये, ह्या मताला मी आलो आहे. फक्त गुन्हा कोठे सुरू होतो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. घोडा ओढला तिथे, की मी हसलो तिथे, की ‘शिफारस’ हा शब्द लिहून मी शाईवर टीपकागद दाबला तिथे? नव्या पोटकलमात मांडवातले पाहुणे नाहीत, आणि परवान्याच्या वहीत तो रकाना अजूनही नसावा.

माझी त्या जिल्ह्यातून बदली होण्याच्या सुमारास, १९९६च्या पावसाळ्यात, एक मनुष्य शस्त्र शाखेत आला. धुतलेला कुडता होता, पण सोबत सरपंच नव्हता आणि आमदाराचे पत्र नव्हते. अर्ज व्यवस्थित होता: बारा बोअरची दुनाली, कारण ‘आत्मरक्षा’. बापाच्या नावावरून, गावावरून मला ओळख पटली नाही, त्यानेच सांगितले. तो त्या मुलाचा बाप होता.

मी त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही.

‘जमीन घेतलीत ना तुम्ही?’ मी विचारले. कठोरपणे विचारले, हे आज मान्य करतो.

‘ली, हुजूर. न लेते तो क्या करते? गवाही देने वाला कोई था नहीं.’ मग थोडे थांबून, आवाज न चढविता तो म्हणाला, ‘बड़ा लड़का अब सोलह का है. उस गाँव में हमारा खेत हो गया है, रोज़ उनके दरवाज़े से निकलना पड़ता है. उनके घर में बंदूक है. हमारे घर में नहीं है.’

पोलिसांचा अहवाल स्वच्छ होता. पटवारी आणि तहसीलदार अनुकूल. त्याच्या अर्जातले कारण मी त्या दोन वर्षांत वाचलेल्या सर्व कारणांपेक्षा खरे होते. चौदाव्या कलमाखाली परवाना नाकारायचा तर सार्वजनिक शांततेचे कारण लेखी द्यावे लागते. ते मी दिले. दोन घरांत वैमनस्याचा संभव आहे, असे लिहिले, आणि कलेक्टरसाहेबांनी अर्ज फेटाळला. ते लिहिताना मला कळत होते, की ज्या घराशी वैमनस्य त्या घरातल्या बंदुकीवर माझाच शेरा आहे.

बदलीनंतर वर्षभराने त्या रीडरचे दिवाळीचे पत्र आले. मुलाबाळांची खुशाली, नव्या साहेबांचा स्वभाव, कचेरीच्या गळक्या छताची हकीकत, असे सर्व लिहून झाल्यावर शेवटी एक ओळ होती. त्या माणसाने वर अपील केले होते आणि ते मंजूर झाले. बंदूक त्याने ग्वाल्हेरच्या दुकानातून घेतली, दुनालीच.